डायपोलला एक पल्स दिली, तीन का दिसतात?

तुमचं म्हणणं असं: मधोमध फीड (सिग्नल देण्याची जागा) असलेल्या 60 सेंमीच्या डायपोलला, म्हणजे दोन सरळ भुजांच्या अँटेनाला, 0.2 नॅनोसेकंदांची एकच पल्स दिली, तर सिम्युलेशनमध्ये अगदी समोर, दूरच्या बिंदूवर तीन पल्स येतात. मॉडेल चुकलंय का? नाही, उलट ते छान चाललंय.

एकाच वारंवारतेसाठी अँटेनाची लांबी ठरवणारा ‘अर्धी तरंगलांबी’ हा हिशेब इथे बाजूला ठेवा. पल्स तारेत शिरते तेव्हा टोकांना तिचा पत्ताही नसतो. ती जवळपास प्रकाशाच्या वेगाने, नॅनोसेकंदाला 30 सेंमी, सरकते. सरळ तारेवर एकसारख्या वेगाने जाताना ती जवळजवळ काहीच प्रारण करत नाही, म्हणजे लहर बाहेर सोडत नाही. विद्युतभाराला जिथे त्वरण मिळतं तिथूनच लहर सुटते: आधी फीडपाशी, मग दोन्ही टोकांना.

समोरून बघणाऱ्याला पहिली पल्स फीडची. 1 नॅनोसेकंदाने दोन्ही टोकांवर प्रवाह उलटतो. तो नुसता थांबत नाही, +1 चा −1 होतो, म्हणून ही पल्स उलट्या चिन्हाची आणि जवळपास दुप्पट उंच. आणखी 1 नॅनोसेकंदाने परतलेली पल्स जुळलेल्या (म्हणजे काहीही परत न फेकणाऱ्या) फीडमध्ये विरते आणि तिसरी निघते. +1, −2, +1. बेरीज शून्य, आणि ती शून्य यायलाच हवी, कारण दूरवर डीसी (न बदलणारा भाग) प्रारित होत नाही. मला हा निकाल फार आवडतो. फीड जुळलेलं नसेल तर मात्र ही मालिका तिथेच संपत नाही, रिंगिंग, म्हणजे पल्सचं पुन्हा पुन्हा मागेपुढे आपटणं, सुरू राहतं.

जमिनीत बघणाऱ्या रडारवाल्यांना हेच नडतं. काँक्रीटमध्ये लहर नॅनोसेकंदाला साधारण 10-12 सेंमी जाते, त्यामुळे 5 सेंमी खोल सळईचा प्रतिध्वनी सुमारे 1 नॅनोसेकंदाने परततो, म्हणजे नेमका टोकाच्या पल्सखाली गाडला जातो. उपाय म्हणजे भुजांवर टोकाकडे वाढत जाणारा रोध. वू आणि किंग या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेल्या रचनेत तो टोकापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. टोकापर्यंत पोचण्याआधीच प्रवाह मरतो. बरीच शक्ती उष्णतेत जाते खरी, पण उथळ सळई शोधायची असेल तर हा सौदा मी डोळे झाकून करेन.

‘मग रुंद बँडविड्थचा लॉग-पीरिऑडिक (क्रमाने लांब होत जाणाऱ्या दांड्यांचा अँटेना) वापरू’ असं मात्र करू नका. त्यात उंच वारंवारता पुढच्या आखूड दांड्यांवरून आधी निघतात, खालच्या मागच्या लांब दांड्यांवरून उशिरा, आणि पल्सची लांबलचक चिर्प, म्हणजे वारंवारता सरकत जाणारी लहर, होते.

मॉडेल तपासायचंच असेल तर निरीक्षणबिंदू समोरच्या दिशेपासून तारेकडे 30 अंश कलवा. मधली पल्स फुटून दोन व्हायला हव्यात: जवळच्या टोकाची 0.5 नॅनोसेकंदाला, लांबच्या टोकाची 1.5 ला.