ट्राउट वर येत होते, पण माशी घेत नव्हते

प्रश्न : मागील मे महिन्यात हिमाचलातील तीर्थन नदीवर रीतसर परवाना काढून मी तीन दिवस ट्राउटसाठी गळ टाकला. संध्याकाळी पाण्यावर बारीक कीटक उडत असत आणि ट्राउटची पाठ व शेपटी जागोजागी वर दिसे. तोंड मात्र कधी दिसले नाही. माझ्या तरंगत्या कृत्रिम माशीकडे, म्हणजे कीटकासारखा दिसावा म्हणून पिसे बांधलेल्या गळाकडे, एकानेही लक्ष दिले नाही. माशीचा रंग चुकला असेल काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. पृष्ठभागावरील कीटक उचलताना ट्राउट तोंड पाण्याबाहेर काढतो आणि कीटकाबरोबर थोडी हवाही घेतो, त्यामुळे त्या जागी पुष्कळदा एखादा बुडबुडा उरतो. तोंड न दिसता नुसती पाठ आणि शेपटीच दिसत असेल, तर तो पृष्ठभागाच्या दोन-चार बोटे खाली, वर येऊ पाहणारे कीटक टिपत असतो, असे समजावे. आपली माशी रंगाने चुकलेली नसावी. ती ट्राउटच्या डोक्यावरून वाहत गेली.

हे नीट समजण्यासाठी मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाचे आयुष्य पाहावे. तिचे पिल्लू, म्हणजे निंफ, कित्येक महिने, काही जातींत वर्षभराहून अधिक काळ, तळच्या दगडांना धरून वाढते. वेळ आली की ते वर येते, पृष्ठभागाशी त्याची पाठ उकलते आणि धूसर पंखांची माशी बाहेर पडते. ही माशी काठावरच्या झुडपात जाऊन पंखांसह पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कीटकगण आज जगात नाही. मग तिचे पंख काचेसारखे स्वच्छ होतात. तिला खाण्याजोगे तोंडच नसते, त्यामुळे मीलन आणि अंडी घालणे उरकून ती लवकरच पाण्यावर पंख पसरून मरून पडते. ट्राउट या प्रत्येक अवस्थेत तिला खातो, परंतु कात उकलण्याच्या त्या क्षणी ती सर्वांत असहाय असल्याने तो तिथेच टपून बसतो.

अशा वेळी तरंगती माशी काढून मऊ पिसांची ओली, म्हणजे पाण्याखाली जाणारी, माशी किंवा वजन न घातलेला कृत्रिम निंफ बांधावा. ट्राउटच्या बऱ्याच वर, म्हणजे उगमाच्या बाजूला, प्रवाहाला तिरपी फेक करावी, माशी थोडी बुडू द्यावी आणि ती ट्राउटपाशी पोहोचताच काठीचे टोक सावकाश उचलावे. खालून वर निघालेल्या कीटकाची ती हालचाल ट्राउटला बहुधा मोहात पाडते. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी केवळ फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसे आणि तांब्याची तार वापरून जो प्रसिद्ध निंफ बांधला, त्याला पाय ठेवलेच नाहीत, कारण पोहताना निंफ पाय अंगाशी आवळून घेतो, हे त्यांनी पाहिले होते. माझ्या मते माशीच्या डबीत शंभर रंग भरण्यापेक्षा हे एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. आपल्याकडचा ब्राउन ट्राउट इंग्रजी अमदानीत बाहेरून आणलेला असला, तरी त्याच्या ताटातले कीटक इथलेच आहेत. म्हणून विलायती माशीच्या नावापेक्षा कीटकाचा आकार आणि अवस्था जुळवावी.

कॅडिस या दुसऱ्या पाणकीटकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून घर बांधतात, तिथेच कोष होतो आणि तो कोष झपाट्याने वर पोहत येतो. त्यामुळे ट्राउट पाणी उडवीत झेपावताना दिसला, तर प्रथम कॅडिसचा संशय घ्यावा. स्टोनफ्लाय हा तिसरा पाणकीटक मात्र बहुतेक रांगत काठाच्या दगडावर येऊन कात टाकतो, म्हणून त्याच्यासाठी वजनदार निंफ काठाजवळ, तळाला घासत जाऊ द्यावा.

प्रश्न : इंदूरजवळ याचा सराव करता येईल काय?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : ट्राउट इथे मिळणार नाही, पण त्याचे अन्न ओळखायला अवश्य शिकता येईल. पावसाळा ओसरून चोरल नदीचे पाणी निवळले की खळाळत्या भागातील दगड हलकेच उलटून पाहावेत. पोटाच्या कडांना कल्ले आणि मागे दोन किंवा तीन शेपट्या दिसल्या, तर तो मेफ्लायचा निंफ होय. स्टोनफ्लायच्या निंफाला नेहमी दोनच शेपट्या असतात, पण तो थंड पाण्याचा कीटक असल्याने चोरलमध्ये सहज मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा, नाहीतर त्याला चिकटलेले जीव उन्हाने मरतात.

फेकीचा सराव आधी गवतावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करावा. नंतर तोच तुकडा वाहत्या पाण्यात टाकून शेजारी एक वाळलेले पान सोडावे. तुकडा पानाच्या पुढे पळाला किंवा मागे रेंगाळला, तर प्रवाह दोरीला ओढतो आहे. तेव्हा काठीने दोरी उचलून, तुकडा पुढे पळत असेल तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला आणि मागे रेंगाळत असेल तर खालच्या बाजूला टाकावी आणि पान व तुकडा बरोबरीने वाहू लागेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे.