हरणाचा हंगाम कधी संपतो? तारीख बघ, घड्याळही बघ

अरे, आधी सांग, हातात बंदूक आहे की धनुष्य? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बंदुकीचा मुख्य हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर, वार कुठलाही असो. धनुष्यबाणाचा 1 ऑक्टोबरलाच सुरू होतो आणि बंदुका थंडावल्यावर डिसेंबरातही चालतो. पुढची वाढीव मुदत काउंटीनुसार, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानुसार, बदलते, तेव्हा त्याच वर्षीची नियमपुस्तिका उघड. मित्राच्या आठवणीवर जाऊ नकोस.

आणि रोजचाही शेवट असतोच: सूर्यास्तानंतर अर्धा तास, बस. तू बसशील त्या गावाचा सूर्यास्त बघ, डेट्रॉईटचा नव्हे. एका 30 नोव्हेंबरला मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मोठा नर आला, मानेवरचे केसही दिसत होते. वेळ संपून चार मिनिटं झाली होती. मी रायफल रिकामी करून पिशवीत घातली. तूही हेच करशील ना? आपल्याकडे भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे ही शिस्त घरून शिकून येत नाही. इथेच अंगी बाणवावी लागते.

शेवटच्या दिवशी हरीण मिळालं, तरी 72 तासांत ऑनलाइन नोंद करायचीच.