वाचकांचे प्रश्न : जेडची भांडी घडली कशी?

प्रश्न : बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे खांब आणि छतातील कमळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे छिन्नीने दगडात किती नाजूक काम होते याची मला कल्पना आहे. परंतु प्राचीन चीनमधील जेडच्या पेल्यांची व वाट्यांची छायाचित्रे पाहिल्यावर प्रश्न पडतो की, ज्या दगडावर सुरीचा ओरखडासुद्धा उठत नाही, तो लोखंड ठाऊक नसलेल्या काळात कोरला कसा आणि आतून पोकळ केला कसा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या भागातील मंदिरांशी तुलना करून आपण प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला आहे. चालुक्य परंपरेतील अनेक मंदिरांसाठी कारागिरांनी मऊ क्लोराइट दगड निवडला. तो छिन्नीने सहज कापता येत असल्यामुळे चरकावर घासल्यासारखे गुळगुळीत खांब शक्य झाले. जेडच्या बाबतीत मात्र छिन्नीचा उपयोगच नाही. प्राचीन चीनमधील जेड म्हणजे नेफ्राइट. खनिजांची कठीणता मोजण्याच्या एक ते दहा अंकांच्या मोस मापावर त्याची कठीणता सहा ते साडेसहा, म्हणजे साध्या पोलादापेक्षा थोडी अधिक असते. पण खरी अडचण त्याच्या चिवटपणाची आहे. लोकर दाबून केलेल्या जेनासारखे त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे घाव घातला तरी त्याचा कपचा हवा तसा उडत नाही.

म्हणून जेड कोरला जात नसे, तो झिजवला जात असे. हत्यार लाकडाचे, बांबूचे, हाडाचे किंवा नुसत्या दोरीचेही चाले, कारण प्रत्यक्ष काम पाण्यात कालवलेली कठीण वाळू करी. तीत गारेचे, पुढे गार्नेटसारख्या अधिक कठीण खनिजांचे कण असत आणि हत्यार ते कण केवळ पुढेमागे फिरवी. इसवी सनापूर्वी सुमारे 3300 ते 2300 या काळात यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेशात नांदलेल्या लियांगझू संस्कृतीने, धातूची हत्यारे नसताना, बाहेरून चौकोनी आणि आतून गोल अशा जेडच्या उंच नळ्या याच रीतीने घडवल्या. त्या नळ्यांना दोन्ही टोकांकडून भोक पाडताना मध्यभागी राहिलेली किंचित पायरी काही नमुन्यांत आजही दिसते, आणि मला तर तीच त्या कारागिराची स्वाक्षरी वाटते.

पोकळ भांड्यासाठी हीच युक्ती पुढे नेली गेली. पोकळ नळी वाळूसह फिरवत खाली नेली की मध्ये दगडाचा दंडगोल उभा राहतो. तो मुळाशी मोडून काढायचा आणि मग वाकड्या टोकाच्या हत्यारांनी आतली बाजू हळूहळू घासून पोट रुंद करायचे. यात मौल्यवान दगड पुष्कळ वाया जातो आणि भिंत पातळ होत आल्यावर एका चुकीने सारे श्रम फुकट जातात. त्यामुळेच प्रारंभीच्या काळात दागिने व विधींच्या वस्तू विपुल, तर भांडी विरळा आढळतात. 1976 मध्ये आन्यांग येथे उघडलेल्या चीनच्या प्राचीन शांग राजघराण्यातील (इसवी सनापूर्वी सुमारे तेरावे शतक) राणी फू हाओच्या थडग्यात जेडच्या 755 वस्तू निघाल्या, पण त्यांत भांडी अगदी थोडी होती. हान राजवटीच्या काळापर्यंत (इसवी सनापूर्वी 206 ते इसवी सन 220) हात किती तयार झाला होता, हे ग्वांगझू येथे 1983 मध्ये सापडलेल्या, दक्षिण चीनमधील नानयुए राज्याच्या राजाच्या थडग्यातील शिंगाच्या आकाराच्या पेल्यावरून कळते. 1637 साली छापलेल्या एका चिनी ग्रंथातील चित्रात कारागीर पायाने चालवलेल्या चकतीवर जेड धरून बसलेला दिसतो. चकती सुधारली होती, पण वाळू आणि पाणी तेच होते.

प्रश्न : जेडचे सर्वांत मोठे भांडे कोणते?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘सर्वांत मोठे’ असे ठामपणे म्हणण्याऐवजी सर्वांत प्रसिद्ध भांड्याविषयी सांगतो. चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या दरबारासाठी 1265 मध्ये पूर्ण झालेला मद्याचा रांजण आज बीजिंगच्या बेइहाई उद्यानालगत आहे. सुमारे साडेतीन टन वजनाच्या त्या काळपट हिरव्या दगडावर लाटांमधून वर येणारे ड्रॅगन आणि जलचर कोरले आहेत. राजवट गेल्यावर तो एका देवळात जाऊन पडला आणि तेथे चक्क भाज्या खारवण्यासाठी वापरला गेला. अठराव्या शतकात चीनच्या छियानलोंग सम्राटाने तो विकत घेऊन पुन्हा मानाने ठेवला.

प्रश्न : आपल्या देशात अशी कला होती का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : होती, आणि तिचा मान चीनमध्येही राखला गेला. शाहजहानसाठी 1657 मध्ये घडवलेला पांढऱ्या नेफ्राइटचा, बकऱ्याच्या मुखाची मूठ असलेला पेला सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मोगल शैलीची पातळ, फुलापानांच्या नक्षीची भांडी पुढे छियानलोंगच्या दरबारात पोहोचली तेव्हा त्याने त्यांच्या स्तुतीपर कविता लिहिल्या आणि चिनी कारागिरांनी त्यांचे अनुकरण केले. जेडचे काम प्रत्यक्ष पाहायचे असल्यास हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील जेडच्या दालनात अवश्य जावे आणि तेथे नक्षीइतकेच भांड्यांच्या भिंतींच्या जाडीकडेही लक्ष द्यावे.