फोंड्याहून बेळगाव, व्हाया चोर्ला: इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज फोंडा-पणजी ये-जा आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून सासुरवाडीला बेळगाव, एवढ्यासाठी ३५ युनिटांच्या (किलोवॉट-तासांच्या) बॅटरीची टाटा पंच ईव्ही पुरेल का? माहितीपत्रकात एका चार्जमध्ये आधी ४२१ किलोमीटर होते, पुढे त्याच गाडीचे ३६५ झाले, आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्षात २६० च मिळतात. यांतले खरे काय मानायचे, आणि घाटात गाडी थांबली तर काय करायचे? गेली पाच वर्षे मी गोव्यात इलेक्ट्रिक गाडी चालवतो आहे, पहिली ३० युनिटांची होती, आताची ४० ची आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. आपल्याकडची चाचणी मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या ठरावीक चाचणीक्रमाप्रमाणे होते. तीत गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चालवतात आणि एसी बंद असतो. पहिल्या, शहरी भागात वेग ताशी ५० च्या पुढे जात नाही, दुसऱ्यात तो ९० पर्यंत जातो. ४२१ हा आकडा केवळ पहिल्या भागावरचा होता आणि ३६५ दोन्ही भाग धरून काढलेला आहे. मे महिन्याचा उकाडा, मागच्या सीटवरची सासूबाईंना द्यायची फणसाची टोपली आणि समोरचा घाट यांतले काहीच त्या रोलरला ठाऊक नसते. त्यामुळे आपण शेजाऱ्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र रेंज किलोमीटरमध्ये मोजण्याची सवयच सोडून द्यावी आणि शंभर किलोमीटरला किती युनिट लागतात ते पाहावे. आपण दुधाचा, विजेचा हिशेब ठेवतो तसाच हा. ३५ युनिटांत ४२१ म्हणजे शंभराला सव्वाआठ युनिट, जे माणसे बसलेल्या गाडीला आपल्या रस्त्यांवर जमणे कठीण. ३५ युनिटांत २६० म्हणजे शंभराला साधारण साडेतेरा. रोजच्या साठ किलोमीटरला या दराने आठ युनिट, म्हणजे बॅटरीचे २३ टक्के जातील. एका दिवसाआड घरी लावली तरी पुरे. या प्रवासाची चिंता करण्यात अर्थ नाही.

वेगाचा परिणाम मात्र लोक कमी लेखतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. झुआरीच्या नव्या पुलावर रस्ता मोकळा दिसला की पाय दाबला जातो आणि शंभराला साडेतेराचे सोळा कधी झाले ते कळत नाही. त्या मानाने एसीला उगाच दोष दिला जातो. गाडी एकदा थंड झाली की एसीला तासाला साधारण एक युनिट लागते. बाणस्तारीला तासभर वाहने तुंबली तरी नुकसान सात किलोमीटरचे, त्यासाठी घामाने भिजत काचा उघडून बसण्याचे कारण नाही.

आता घाट. फोंड्याहून बेळगाव चोर्लामार्गे सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे सपाट रस्ता असता तर साडेतेरा युनिट. परंतु बेळगाव स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. माणसे आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला साडेतीन युनिट ऊर्जा लागते, मोटर आणि इतर नुकसान धरून चार. पलीकडे तसा उतार नसल्यामुळे ही चार युनिटे त्या फेरीत परत मिळत नाहीत, हे पुष्कळ जण विसरतात. म्हणजे एकूण साडेसतरा, बरोबर निम्मी बॅटरी. फोंड्याहून १०० टक्क्यांनी निघालात तर सासऱ्यांच्या दारात ५० टक्के उरलेले असतील.

परतताना हाच घाट आपल्या बाजूने असतो. उतारावर मोटर जनित्राचे काम करते आणि चारपैकी अडीच युनिटे तरी पदरात पडतात, त्यामुळे परतीला अकराच लागतील. कागदावर जाणे-येणे एका चार्जमध्ये बसते आणि १८ टक्के शिल्लक राहतात. तरीही तसे करू नये. पावसाळ्यात ओला रस्ता, दरड पडून घ्यावा लागलेला वळसा, रात्रीचे धुके यांत ती शिल्लक पाहता पाहता संपते. बेळगावात रात्रभर १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला गाडी लावली तर तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. सहा तासांत काम होते.

पूर्ण भरलेली बॅटरी उतारावरची वीज घेऊ शकत नाही, हेही आपण कुठेतरी ऐकले असेल. ते खरे आहे, पण बेळगावाहून घाटमाथा गाठेपर्यंत पन्नासेक किलोमीटर जातात आणि तोवर बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते.

मीटरवर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’कडे घाटात पाहूच नये. तो आकडा नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढलेला असतो. चढावर तो धडाधड कोसळतो, उतारावर फुगतो, आणि माझ्या पहिल्या फेरीत घाटाच्या पायथ्याचे केरी सोडून पाऊण तास होण्याआधीच माझ्या पत्नीने त्याच्याकडे पाहून परत फिरायला सांगितले होते. टक्के पाहावेत. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर कंपनी सांगते त्याप्रमाणे अधूनमधून ती पूर्ण भरावी, कारण तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो, गाडीचा टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांत आकडा अचानक घसरू शकतो.

माझी खरी फजिती रेंजमुळे झाली नाही, ती अर्थिंगमुळे झाली. एका मे महिन्यात काणकोणला आमच्या जुन्या घरी २२ टक्क्यांवर पोहोचलो, स्वयंपाकघरातल्या सॉकेटला चार्जर लावला तर त्याच्या ठोकळ्यावरचा लाल दिवा जाईना. मिक्सर चालत होता, फ्रिज चालत होता, गाडीच तेवढी वीज घेत नव्हती. सकाळी वायरमन आला, मागील दारी जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला आणि माझ्या काकूंकडून दोन कळश्या पाणी मागून त्यात ओतले. दहा मिनिटांनी दिवा हिरवा झाला. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकते, अर्थिंग निकामी होते आणि चार्जर सुरक्षेसाठी नकार देतो, हे तेव्हा समजले. पुढे तो खड्डा नव्याने करून घेतला. आपणही बेळगावच्या घराचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे. रस्त्यावरच्या चार्जरवर विसंबणार असाल, तर तो ॲपवर चालू दिसतो एवढ्यावर न जाता फोन करून विचारावे, कारण एकदा मी बंद यंत्रासमोर तासभर उभा राहिलो आहे.

गाडी घेण्यापूर्वी शोरूमच्या अर्ध्या तासाच्या फेरीवर समाधान मानू नका. तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या, घरची माणसे बसवा, टायरमधली हवा पाहा आणि केरी, चोर्लाचा माथा व बेळगाव अशा तीन ठिकाणी टक्के वहीत लिहा. केरीपासून माथ्यापर्यंत १८ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवेत. त्याहून बरेच अधिक उतरले तर वेग आणि सामान किती होते यासह ते आकडे इथे कळवा, म्हणजे कुठे गेले ते पाहता येईल.