द्राक्षबागेत लीफ वेटनेस सेन्सर बसवून खरंच फवारण्या कमी होतात का?

होतात, माझ्या गेल्या सीझनला चार वाचल्या, पण पान किती वेळ ओलं आहे ते सांगणारा हा सेन्सर कुठं बांधलाय त्याच्यावर सगळं आहे बघा.

आमची बाग जालन्याकडं, कडवंचीच्या अलीकडं. पहिल्या वर्षी बसवायला आलेल्या पोरानं वायर कमी लागते म्हणून खांब मोटरीच्या खोलीजवळ मोकळ्यातच रोवला. मग काय, सकाळी आठलाच मोबाईलवर 'कोरडं' दिसायचं आन् मी बागेत शिरलो की साडेनऊपर्यंत शर्टाच्या बाह्या ओल्या! त्या आकड्याच्या भरवशावर फवारणी पुढं ढकलली आन् ऐन फुलोऱ्यात घडात डाऊनी, म्हणजे केवडा रोग, घुसला. आता वेलीच्या पानांत, पानांच्याच उंचीला, जरा तिरपा बांधलाय, सपाट ठेवला की वर पाणी साचून राहतंय.

त्याच्यात जादू काही नाही. माझ्यावाल्यात पट्टीवर बारीक रेषा आहेत, एकमेकीत बोटं घातल्यासारख्या, मधी पाणी आलं की करंट जातो. डाऊनीच्या बीजाणूला पानावर पाणी लागतंच, त्यातूनच पोहत तो पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रापर्यंत जातो, 20-25 अंशाला दोन-तीन तास ओल मिळाली तरी त्याचं भागतं. पाऊस शून्य असला तरी दवानं एवढी ओल आरामात होते, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून, म्हणजे कोंब फुटायला लागल्यापासून, मणी सेट होईपर्यंत हा आकडा रोज बघायचा, किती तास ओल आन् तेव्हा टेंपरेचर किती, दोन्ही. भुरी रोगाचं मात्र उलटं, तिला पानावर पाणी नको असतं, त्यामुळं सेन्सर कोरडा म्हणून भुरीवरची गंधकाची फवारणी बंद कराल तर फसाल.

अजून एक, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारताना सेन्सरवर कॅरीबॅग घाला. माझ्यावाल्यावर एकदा पांढरा थर बसला तर भर दुपारी दोनला 'ओलं' दाखवायला लागला, ओल्या फडक्यानं हळू पुसला तेव्हा ताळ्यावर आला.

पैसे घालायच्या आधी आठ दिवस पहाटे बॅटरी घेऊन बागेत जा, चार-पाच ठिकाणी पानाला टिश्यू लावा, किती वाजता सुकतंय ते वहीत लिहा, फुकटाचं काम आहे. लई उशिरापर्यंत ओलं राहत असेल तर आधी गर्दीचे फुटवे काढा. मी काढले तर ओल तासभर आधी उडायला लागली, आन् ते मला त्या सेन्सरनंच दाखवलं.