पळत्या दिव्यांची बॉर्डर करताना ठिपके मोजून घे

भावा, बेळगावच्या शिवजयंतीच्या फोटोला पळत्या दिव्यांची बॉर्डर पायजे ना, मग गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) त्याच फोटोचे तीन लेयर, म्हणजे एकावर एक थर, कर आणि कडेनं ठिपके काढ, पहिल्यात १, ४, ७ असे पिवळे, बाकीचे विझलेले, दुसऱ्यात २, ५, ८, तिसऱ्यात ३, ६, ९, बस्स, दिवा पुढं सरकतोय असं दिसतंय बघ. पण एकूण ठिपके तीनच्या पटीतच ठेव हां, माझे पहिल्यांदा ३१ झालते तर शेवटचा नि पहिला शेजारीशेजारी एकदमच लागायचे, सगळी चाल तुटायची. मग जिफ (हलत्या चित्राची फाईल) म्हणून एक्स्पोर्ट कर, ॲनिमेशनवर टिक, डिले, म्हणजे एक लेयर किती वेळ दिसणार ते, १०० मिलिसेकंद. जिफच्या एका फ्रेमला (म्हणजे एका लेयरला) २५६च रंग मिळतात, म्हणून ठिपक्याभोवतीचा ग्लो (उजेडाचं वलय) बारीकच ठेव, नाहीतर फेट्याच्या भगव्यात पट्टे येतात.