वाचकांचे प्रश्न : शिडाची होडी पावसाळाभर सोलापुरात कशी ठेवावी?

प्रश्न : आमच्याकडे १७ फुटी फायबरची शिडाची होडी आणि तिला लहान पेट्रोल इंजिन आहे. मार्चमध्ये रत्नागिरीहून निघून विजयदुर्ग, देवगड असे मुक्काम करत आम्ही मालवणपर्यंत गेलो आणि आता होडी ट्रेलरवरून सोलापूरला घरी आणली आहे. ती पुन्हा समुद्रात उतरेल ती दिवाळीनंतरच. इंजिनात अँटीफ्रीझ भरून होडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावी, असे परदेशी पुस्तिकांत वाचले. येथेही तसेच करावे काय?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : करू नये. त्या पुस्तिका हिवाळ्यात पाणी गोठते अशा प्रदेशांसाठी लिहिलेल्या असतात. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने नळ्या व पंप फुटतात, म्हणून तेथे हा खटाटोप करावा लागतो. सोलापुरात तापमान शून्याच्या जवळपासही जात नाही. उलट मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. येथे होडी बिघडते ती आत राहिलेल्या मिठाने, उन्हाने आणि पावसाळ्यात कोंडलेल्या दमट हवेने. प्लास्टिकच्या घट्ट आवरणाने तर ही दमट हवा आतच अडकून राहील.

मिठाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे, कारण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते निरुपद्रवी वाटते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतून पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राचे मीठ तर त्याहून कमी आर्द्रतेलाही ओलसर होते. त्यामुळे एप्रिलमध्ये कोरडी दिसणारी पांढरी पूड जुलैत जागी होते आणि स्क्रू, बिजागऱ्या, तारांची टोके खाऊ लागते. म्हणून संपूर्ण होडी, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मध्यातून पाण्यात सोडायच्या उभ्या फळीच्या) खाचेसह, गोड्या पाण्याने धुवावी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आम्ही जाणतो; पहिले धुणे बोअरच्या पाण्याने करण्यास हरकत नाही, परंतु ते पाणी जड असेल तर पांढरे डाग मागे राहतात, यासाठी शेवटचा हात साठवलेल्या नळाच्या पाण्याचा द्यावा. पुढील वर्षी हे काम किनाऱ्यावरच उरकून मग घाट चढणे अधिक शहाणपणाचे.

डोलकाठी उतरवून तिला ताण देणाऱ्या पोलादी तारांच्या टोकांवरील चिकटपट्ट्या काढाव्यात. पट्टीखाली खारट ओल साचते आणि हवा पोहोचत नाही. अशा जागी स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. तारेवरून कापडाचा बोळा फिरवावा. जेथे तो अडकेल तेथे एखादा धागा तुटलेला असतो, आणि एक धागा तुटला तरी ती तार बदलावी. दुरुस्तीचा विचारही करू नये.

शिडे पॉलिस्टरची असतील तर ती सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत पूर्ण वाळवावीत. वॉशिंग मशीन आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. घडी नेहमी त्याच रेषेवर पडली की कापड तेथेच विरते, यासाठी शीड गुंडाळून ठेवणे चांगले. वरून सुती कापड घ्यावे. जुनी सोलापुरी चादर या कामाला उत्तम, मात्र तिचा रंग जात नाही याची आधी खात्री करावी. गच्चीवरील पत्र्याची खोली टाळावी. घरात उंदीर असतील तर गुंडाळी दोरीने छताला टांगावी.

इंजिनाला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. पाणी खेचणारी छिद्रे बुडतील एवढे गोडे पाणी पिंपात घेऊन त्यात इंजिन दहा-पंधरा मिनिटे मंद गतीने चालवावे. मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि कार्ब्युरेटरमधील उरलेले पेट्रोलही काढावे. हे काम हवेशीर जागी, विस्तवापासून दूर करावे. हल्ली पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा शोषते आणि काही महिन्यांनी पाण्यासह तळाशी वेगळे होऊ शकते. टाकीतील पेट्रोल दुचाकीत वापरून टाकावे, मात्र त्यात ऑइल मिसळलेले असेल तर ते फोर-स्ट्रोक गाडीत घालू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे व इंजिन सुरू करण्याची दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील गळत असून आत पाणी शिरले आहे, असे समजावे आणि ते काम आत्ताच करून घ्यावे. इंजिन उभेच ठेवावे.

ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग समुद्राच्या पाण्यात बुडालेले असणार. ते उघडून, पुसून नवे ग्रीस भरावे. ट्रेलरखाली ठोकळे देऊन टायरांवरील भार काढावा. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, किंचित उंच आणि तळाचे बूच काढलेले असावे. ताडपत्री होडीला चिकटू न देता डोलकाठीच्या आधाराने उतरत्या छपरासारखी ताणावी, दोन्ही टोके वाऱ्यासाठी मोकळी ठेवावीत आणि आतील कप्प्यांची झाकणे उघडी राहू द्यावीत. वळवाच्या वादळात ताडपत्रीच काय, हलकी होडीही उलटते, म्हणून ट्रेलरसकट जमिनीला बांधावे. सोलापुरात बराचसा पाऊस सप्टेंबरात येतो. त्या महिन्यात ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचलेले नाही ना, हे आठवड्याला पाहावे. डासांची पैदास तेथेच होते.

प्रश्न : होडीची बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर उतरते, असे म्हणतात. खरे काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जुन्या काळच्या लाकडी वा रबरी पेट्यांच्या बॅटऱ्यांबाबत त्यात तथ्य होते, आजच्या प्लास्टिक पेटीला फरशीने काही होत नाही. बॅटरी उतरते ती उष्णतेने. तापमान १० अंशांनी वाढले की आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून घरातील सर्वांत थंड, हवेशीर कोपरा निवडावा, मग तो फरशीवर असला तरी चालेल. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन्ही वायरी काढाव्यात, दरमहा व्होल्टेज मोजावे आणि ते १२.४ पर्यंत घसरले की पुन्हा चार्ज करावे.